गोळ्या १२, औषधं १७

समजा, सातारा जिल्ह्यातले ७४ वर्षांचे एक आजोबा आहेत. वजन ५० किलो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. दर ३ आठवड्यांनी पुण्याला जाऊन सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन ही केमो घेतात, घरी आल्यावर १४ दिवस कॅपेसिटाबिन या केमोच्याच गोळ्या, मग ७ दिवस सुट्टी. आजोबा काल्पनिक आहेत. त्यांची औषधांची पिशवी मात्र काल्पनिक नाही. तशी पिशवी कुठल्याही ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकाच्या मांडीवर दिसेल.

ती उलटी करून बघू. बीपीसाठी टेलमिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी. शुगरसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन-अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची कॅप्सूल. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. गॅससाठी पँटोप्रॅझोल. झोपेसाठी अल्प्राझोलाम. आणि कॅल्शियम-डी३. हे सगळं कॅन्सर कळण्याच्या आधीपासूनचं. मुलाला विचारलं तर तो सांगेल, बाबांना ७ गोळ्या चालू आहेत. पण आपल्याकडे एकाच गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं घालायची पद्धत इतकी रुळलेली आहे की स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर त्या ७ गोळ्यांत ११ औषधं निघतात.

त्यात कॅन्सरच्या उपचाराची ४ आली: कॅपेसिटाबिन, उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन, केमोच्या दिवसांपुरतं डेक्सामेथासोन, जुलाब झाले तर लोपेरामाइड. शिवाय गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली अ‍ॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी. १२ गोळ्या, १७ औषधं. वर चुलतभावाने आणून दिलेला गुळवेलीचा काढा, जो कोणी मोजतच नाही.

रोज ५ किंवा त्याहून जास्त औषधं चालू असली की डॉक्टर त्याला पॉलिफार्मसी म्हणतात. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये वयस्क कॅन्सर रुग्णांसाठी वेगळं क्लिनिक चालतं. तिथल्या पाहणीत निम्म्याहून अधिक रुग्ण या व्याख्येत बसत होते. आकड्याला घाबरायचं कारण नाही; मधुमेह, बीपी आणि कॅन्सर एकत्र असतील तर ५ च्या आत राहणं अवघडच. अडचण वेगळी आहे. बीपीची गोळी फिजिशियनने दिली, प्रोस्टेटची युरॉलॉजिस्टने, झोपेची कधीतरी फॅमिली डॉक्टरने, केमो ऑन्कोलॉजिस्टने, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञाने. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच लिहिलं. पण सगळी १७ औषधं एकत्र कोणी पाहिली? बहुतेक वेळा कोणीच नाही.

क्रिएटिनिन नॉर्मल, तरीही

वय वाढतं तसं शरीर औषधांशी वेगळं वागतं. यकृतातून वाहणारं रक्त कमी होतं, शरीरातलं पाण्याचं प्रमाण घटतं, चरबीचं वाढतं. त्यामुळे चरबीत मुरणारी काही झोपेची औषधं शरीरात जास्त वेळ रेंगाळतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस गुंगीत राहतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किडनीची गाळण्याची ताकद कमी होते. गंमत अशी की रिपोर्टवर ती सहजासहजी दिसत नाही.

क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ. आजोबांचं क्रिएटिनिन १.१ आहे. लॅबच्या कागदावर त्यापुढे खूण नाही, म्हणजे नॉर्मल. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये, आणि आजोबांच्या अंगावर स्नायू उरलेत किती? म्हणून वय आणि वजन धरून हिशेब करावा लागतो. १४० मधून वय वजा करायचं, त्याला वजनाने गुणायचं, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या आकड्याने भागायचं. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं. आजोबांचं उत्तर येतं मिनिटाला साधारण ४२ मिलिलिटर. त्याच १.१ क्रिएटिनिनचा ४० वर्षांचा, ७० किलोचा त्यांचा भाचा ८८ च्या आसपास असेल. रिपोर्ट एकसारखा, पण मामांची किडनी निम्म्याहून कमी वेगाने गाळते आहे.

याचा थेट परिणाम डोसवर होतो. कॅपेसिटाबिनचा डोस हा आकडा ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर कमी करायचा असतो, आणि ३० च्या खाली गेला तर ते औषध द्यायचंच नसतं. ऑन्कोलॉजिस्ट हा हिशेब करतातच. मात्र त्यासाठी त्यांच्यासमोर आजचं वजन हवं, ४ महिन्यांपूर्वीच्या फाइलवरचं नको. काट्यावर उभं राहायचा कंटाळा करू नका.

जुलाबाचा एक दिवस

आता तिसऱ्या केमोनंतरचा एखादा दिवस धरा. कॅपेसिटाबिनमुळे जुलाब सुरू झाले. मेटफॉर्मिननेही पोट बिघडतं, त्यामुळे भर पडली. आजोबांना पाणी पिववत नाही. अंगातलं पाणी कमी झालं, बीपी उतरलं, पण सकाळची बीपीची गोळी शिस्तीत घेतली गेली, कारण चिठ्ठीवर रोज १-०-० लिहिलं आहे. अंग मोडून आलं म्हणून गुडघ्याची गोळीही घेतली.

पाणी कमी असताना किडनी आपला दाब टिकवायची धडपड करते. टेलमिसार्टन तिची एक युक्ती बंद करतं, अ‍ॅसिक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक दुसरी. ४२ वर चालणारी किडनी दोन दिवसांत २५ वर येऊ शकते. तशी ती आली की मेटफॉर्मिन आणि कॅपेसिटाबिनचे अंश शरीरात साचायला लागतात, ग्लिमेपिराइडचा असर लांबतो. म्हणजे जुलाब आणखी वाढणार, आणि पोटात अन्न नसताना शुगर खाली जाणार. दवाखान्यात नेल्यावर घरचे म्हणतात, केमो सोसली नाही. केमोचा दोष आहेच, पण एकटीचा नाही.

हे टाळायला फार मोठं काही लागत नाही. केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यायचं: उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं थांबलं, तर त्या दिवशी यातल्या कुठल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत? बीपीची, शुगरची आणि दुखण्याची गोळी यांबद्दल नाव घेऊन विचारा. कॅपेसिटाबिन चालू असताना नेहमीपेक्षा ४ किंवा जास्त वेळा शौचाला जावं लागलं, किंवा रात्री उठून जावं लागलं, तर पुढची गोळी न घेता हॉस्पिटलला फोन करायचा असतो. कितीतरी घरांत उलट होतं. "महागाची गोळी आहे, चुकवायला नको" म्हणून कोर्स पूर्ण केला जातो.

औषधाला औषध

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. एका औषधाचा त्रास होतो, तो नवा आजार वाटतो, आणि त्यावर दुसरं औषध सुरू होतं.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचंच उदाहरण बघा. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस ते उलटी थांबवायला देतात. ते शुगर वाढवतं, तेही विशेषतः दुपारी आणि संध्याकाळी. सकाळची उपाशीपोटीची शुगर बरीच ठीक दिसू शकते. केमोच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी ग्लुकोमीटर लावलं, ३४० आली. घाबरून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांना स्टेरॉइडचं कोणी सांगितलं नाही, त्यांनी ग्लिमेपिराइड वाढवलं. तीन दिवसांनी स्टेरॉइड संपलं. तोवर केमोने तोंडाची चव गेली, आजोबा दोन घास खातात. वाढवलेली गोळी मात्र चालूच. पहाटे घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटतं कॅन्सर मेंदूत गेला. असतं ते शुगर कमी झाल्याचं लक्षण, आणि ते वेळेत ओळखलं तर चमचाभर साखरेने माणूस भानावर येतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

अशा साखळ्या इतरही आहेत. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, सूज उतरवायला लघवी वाढवणारी गोळी येते, लघवीला सारखं जावं लागतं म्हणून मूत्राशय शांत करणारी गोळी येते, तिने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, विसरायला होतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडने हात थरथरतात आणि त्यावर कंपवाताचं औषध सुरू होतं. माझ्या मते घरच्या माणसाने एकच सवय लावून घ्यावी: वयस्क माणसाला नवी तक्रार सुरू झाली की आधी बघायचं, गेल्या दोन-चार आठवड्यांत कुठली गोळी नवी आली किंवा कुठल्या गोळीचा डोस बदलला. डॉक्टरांना तक्रार सांगताना हेही त्याच वाक्यात सांगायचं.

पडणं हाही याच हिशेबातला प्रकार आहे. कॅन्सरमध्ये ६५ किलोचा माणूस ५० वर आला, तर ६५ किलोच्या माणसाची बीपीची गोळी त्याला भारी पडते. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन उभं राहताना बीपी आणखी उतरवते. रात्री अल्प्राझोलामची गुंगी. हे तिन्ही रात्री दोन वाजता बाथरूमच्या वाटेवर एकत्र भेटतात, आणि खुब्याचं हाड मोडलं की केमो लांबणीवर.

कोणाचं कोणाशी जमत नाही

औषधांच्या सगळ्या जोड्या लक्षात ठेवणं डॉक्टरांनाही शक्य नसतं, त्यासाठी कॉम्प्युटर असतो. पण काही जोड्या घरी माहीत असलेल्या बऱ्या.

वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल ही रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना कॅपेसिटाबिन सुरू झालं तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. हा परिणाम काही दिवसांत दिसतो किंवा काही महिन्यांनीही, त्यामुळे आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) वारंवार तपासावा लागतो. फेफऱ्याच्या फेनिटॉइनचं प्रमाणही कॅपेसिटाबिनमुळे रक्तात वाढतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या आजींना नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन दिलं, तर टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात बदलणंच अडतं. त्याऐवजी दुसरी औषधं मिळतात. फुप्फुसाच्या कॅन्सरवरची एर्लोटिनिबची गोळी ओमेप्रॅझोलसारख्या गॅसच्या गोळीबरोबर जवळपास निम्मीच अंगाला लागते. गॅसची गोळी आपल्याकडे औषध म्हणून कोणी धरतच नाही, म्हणून ही जोडी मला जास्त काळजीची वाटते. लाखभर खर्चाचा उपचार दहा रुपयांच्या गोळीने अर्धा करायचा!

खाण्याचंही तसंच. प्रोस्टेट कॅन्सरवरचं अ‍ॅबिराटेरॉन नेहमीच्या डोसमध्ये उपाशीपोटी घ्यायचं असतं; तुपातल्या शिऱ्याबरोबर घेतलं तर ते कितीतरी पट जास्त शोषलं जातं. काही डॉक्टर याचाच उपयोग करून कमी डोस मुद्दाम नाश्त्याबरोबर देतात, खर्च वाचतो. तेव्हा शेजारच्यांना सांगितलेलं आपल्याला लागू होत नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळं मुख्यतः आतड्यातलं औषध मोडणारं एक विकर (एन्झाइम) अडवतात. कॅन्सरवरच्या कित्येक नव्या गोळ्या आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिनही त्याच वाटेने जातात. गोळी चालू असेतो ही फळं टाळावीत. संत्र्या-मोसंब्याची ही अडचण नाही.

काढ्याबद्दल वाद होतात, म्हणून जे नोंदलेलं आहे तेवढंच सांगतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. कोणाचं बरोबर हा वाद बाजूला ठेवला तरी केमोच्या रुग्णाच्या यकृतावर आधीच भार असतो, आणि यकृताचे एन्झाइम रक्तात वाढले की केमो थांबते. आयुर्वेद, होमिओपॅथी, ताकदीची पावडर, हळदीच्या कॅप्सूल, सगळं डॉक्टरांना सांगा. भाजीतली हळद सांगायची गरज नाही. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलं जातं हे खरं, आणि काही डॉक्टर रागावतात हेही खरं. तरी सांगा.

पिशवी आणि 'का'चा रकाना

मग करायचं काय? पुढच्या वेळी फाइलबरोबर पिशवीही न्यायची. अख्खी. त्यात स्ट्रिपा, डोळ्यांचे थेंब, इन्हेलर, मलम, पोट साफ व्हायचं चूर्ण, अर्धवट राहिलेल्या जुन्या गोळ्या, सगळं हवं. स्ट्रिप कापताना नाव आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला असते ते टोक शेवटपर्यंत ठेवायचं.

दुसरं, एका कागदावर यादी. नाव ब्रँडचं नको, आतल्या औषधाचं हवं. जनऔषधी केंद्रातून आणलेली टेलमिसार्टन आणि नेहमीच्या दुकानातली वेगळ्या नावाची टेलमिसार्टन अशा दोन्ही घेणारे रुग्ण भेटतात, कारण पाकिटांचे रंग वेगळे असतात. ब्रँडच्या नावामागचं 'एएम' किंवा 'एच' हेही दुसरं औषध आत असल्याची खूण आहे. नावापुढे डोस, मग १-०-१ किंवा जसं असेल तसं, जेवणाआधी की नंतर, कोणी दिलं, कधीपासून. आणि शेवटचा रकाना: का?

हा रकाना भरताना खरी मजा येते. पँटोप्रॅझोल का? आठवत नाही, बहुतेक कधीतरी अ‍ॅडमिट होते तेव्हापासून. अल्प्राझोलाम का? बायको गेली तेव्हा झोप लागत नव्हती, ९ वर्षं झाली. अ‍ॅस्पिरिन का? इथे उत्तर फार महत्त्वाचं. हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल तर तिला भक्कम कारण आहे. नुसतीच 'वय झालं म्हणून' दिली असेल, तर केमोने प्लेटलेट उतरत असताना तिचा धोका फायद्यापेक्षा जड होऊ शकतो. आणि अ‍ॅस्पिरिन राहणार असेल, सोबत स्टेरॉइड असेल, तर ज्या पँटोप्रॅझोलला कारण नव्हतं त्याला कारण मिळतं. रिकामा रकाना म्हणजे गोळी बंद असं नाही. ती गोळी डॉक्टरांसमोर ठेवायची एवढंच. विचारायचं साधं: "डॉक्टर, यातली आता कुठली कमी करता येईल का?" बहुतेक डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो. ओपीडीच्या गर्दीत त्यांना तो सुचायला वेळ नसतो इतकंच.

याचा उपयोग होतो याला पुरावाही आहे. अमेरिकेत ७० वर्षांवरच्या, कॅन्सर पुढच्या टप्प्यात असलेल्या ७१८ रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या दवाखान्यांत डॉक्टरांना केमोआधी रुग्णाची चाल, स्मरणशक्ती, घरची मदत आणि चालू औषधं यांचा गोषवारा आणि सूचना दिल्या. त्या गटात गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के रुग्णांना झाले, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ७१ टक्क्यांना. पडण्याचं प्रमाणही कमी झालं, काही औषधं बंद झाली, आणि आयुर्मान कमी झालं नाही. श्रेय एकट्या गोळ्या कमी करण्याचं नाही, कारण केमोचा डोसही जपून सुरू केला होता.

यादी कधी तपासायची? केमो सुरू होताना, हॉस्पिटलमधून घरी आल्यावर, वजन उतरल्यावर. डिस्चार्ज कार्डवरच्या गोळ्या आणि घरच्या गोळ्या समोरासमोर मांडून बघा. सगळ्यात जास्त घोळ त्या पहिल्या आठवड्यात होतो.

स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल, अल्प्राझोलाम असेल, हृदयाचे ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल, फेफऱ्याचं औषध असेल, तर ती एकदम थांबवणं धोक्याचं. डॉक्टर पायरी-पायरीने कमी करतात. केमोची गोळी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात मिसळायची नाही, फोडायची किंवा कुटायची नाही, हाताळताना हातमोजा घालायचा, आणि घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिने तिला हात लावायचा नाही.

आणि ताप. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप आला तर आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नसते, लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप हीच अनेकदा जंतुसंसर्गाची एकमेव खूण असते. आजोबांच्या गुडघ्याच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे, हे इथे आठवा. ती खूण ती गोळी पुसून टाकते. म्हणून दुखण्याची गोळी देण्याआधी थर्मामीटर लावायचा.

आजार पुढे गेल्यावर

एक वेळ अशी येते की डॉक्टर सांगतात, आता केमो नको, त्रास कमी ठेवू. तेव्हा यादी पुन्हा उघडायला हवी, आणि नेमकी तेव्हाच ती कोणी उघडत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी पुढच्या काही वर्षांतला अटॅक टाळण्यासाठी असते. अमेरिकेतच ज्यांचं आयुष्य महिना ते वर्षभर उरलं असावं असा अंदाज होता, अशा ३८१ जणांवर एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले जवळपास निम्मे कॅन्सरचे रुग्ण होते. अर्ध्यांची स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी, थांबवली. ६० दिवसांत मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, आणि ज्यांची थांबवली त्यांचं जगणं थोडं बरंच होतं. कॅल्शियम, ताकदीच्या गोळ्या, कडक शुगर कंट्रोल, यांचंही तसंच. अशा वेळी शुगर १०० आणायचा हट्ट रुग्णाला फक्त टोचण्या देतो.

घरच्यांना हे जड जातं. गोळ्या बंद केल्या म्हणजे आपण हात वर केले असं वाटतं, पाहुणे तसं बोलूनही दाखवतात. त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलेला बरा. आणि काही औषधं या टप्प्यावर उलट वाढतात: दुखणं थांबवणारं मॉर्फिन, उलटीचं औषध, धाप कमी करणारं औषध. मॉर्फिन सुरू झालं की पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवायचं औषधही सोबत लागतं. ते चिठ्ठीवर नसेल तर तिथेच मागून घ्या. आणि किडनी कमजोर असेल तर मॉर्फिनचे अंश साचून गुंगी येते, म्हणून तो ४२ चा आकडा इथेही डॉक्टरांच्या कानावर घाला.